सहा उधाणं

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढवल्या की कोळ्याच्या हाताला काम उरत नाही, आणि रिकामा हात गप्प बसत नाही. कुणाचा जाळ्याकडं जातो, कुणाचा टाळाकडं, कुणाचा पानांकडं. दिवेआगरच्या खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात हरेश्वर तांडेलाचा हात शके अठराशे चोपन्नच्या आषाढात पानांकडं गेला. त्याचा धाकटा भाऊ शिवदास, त्याचा टाळाकडं गेला. एकाच आईच्या पोटची दोन पोरं, पण देवानं कुणाच्या हातात काय द्यावं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

खेळ तिरटचा. तीन-तीन पानं वाटायची, ज्याची भारी त्यानं खाली पडलेलं सगळं उचलायचं. आता तुम्ही म्हणाल, कोळीवाड्यात भर पावसाळ्यात लावायला होतं काय? पैसा नव्हताच. लावत होते ते उधाण.

पुनवेला आणि अवसेला दर्याला उधाण येतं. पाणी ओढ घेतं, आणि त्या सात-आठ दिवसांत डोलजाळ्यात मासळी भरते. मधले दिवस भांगाचे, पाणी मेलेलं. तेव्हा जाळी सुकवायची आणि पाठ टेकायची. म्हणून कोळ्याचं वर्ष महिन्यांनी नाही, उधाणांनी मोजलं जातं. नारळी पुनवेपासून होळीपर्यंत चौदा उधाणं. बुधाजी तांडेलाच्या जाळ्यांच्या खोपीत चटईवर दिवेआगरची एक सुपारी ठेवली, की तिचा अर्थ एक उधाण. हरणाऱ्यानं तेवढं उधाण जिंकणाऱ्याच्या होडीवर नुसत्या जेवणावर वल्हं मारायचं. हे वेड आलं कुठून? तर माणसं मुंबईला गोदीत जाऊ लागली होती. होड्या होत्या, जाळी होती, वल्हं धरायला हात मिळत नव्हते. मग हातच पणाला लागले.

कायदे तीन होते, आणि तिन्ही चांगले पक्के. एक, होळीच्या पुढचं उधाण लावायचं नाही, ते बायकापोरांच्या पोटाचं. दुसरा, एका चुलीवर जेवणाऱ्या घरात थोरला धाकट्याची उधाणं लावू शकतो. आणि तिसरा, डाव चालू असताना जो चटईवरून उठला त्याची पानं मेली.

श्रावण शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे नारळी पुनवेच्या दोन दिवस आधी, दुपार कलताना हरेश्वर त्या चटईवर बसला होता. चौदांपैकी दहा उधाणं बुधाजीच्या टोपलीत जाऊन पडली होती. उरल्या होत्या चार सुपाऱ्या.

दहा म्हणजे काय, हे तो जाणून होता. नारळी पुनवेला नारळ दर्याला अर्पण झाला की जो माणूस ज्या होडीवर चढला, तो शिमग्यापर्यंत त्याच होडीचा; पानांवर हरलेला मात्र हरलेली उधाणं फिटेपर्यंतच. त्या दिवशी ज्या होडीला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, नाही, तिच्यावर कुणी चढत नाही. शिवदास वल्ह्यात पटाईत होता, पण वीस वर्षांचा. त्याला अजून तांडेलकी यायची होती. म्हणजे पुनवेला हरेश्वर मोकळा नसला, तर त्यांची होडी अख्खं वर्ष वाळूत. आणि लाकडाची होडी एक वर्ष वाळूत पडली की तिच्या फळ्या फाकतात, सांधे उघडतात, मग तिला होडी म्हणायचं ते नावापुरतं. बापाच्या हातची होडी ती. घरात तेवढीच एक.

मारुतीच्या देवळात नामसप्ता बसला होता. रात्री दत्तात्रेयबुवांचं कीर्तन आणि दिवसा अखंड पहारा. तीन-तीन तास चौघांनी टाळ-वीणा घेऊन उभं राहायचं, नाम तुटू द्यायचं नाही. तिसऱ्या प्रहरी शिवदासाचा पहारा असे. खोपीपासून देऊळ पन्नास पावलांवर. पावसाच्या आवाजातूनही टाळ ऐकू येत होते, आणि त्या टाळांमधला आपल्या भावाचा कुठला ते हरेश्वरला कळत होतं. शिवदास टाळ जरा उशिरा मिटायचा, नाद सोडवत नसल्यासारखा. ज्यानं कधी मन लावून कीर्तन ऐकलंय त्याला हे सांगायला नको. टाळकऱ्याचा स्वभाव टाळात उतरतोच.

"वाट रं मोऱ्या, झोप लागली काय?" बुधाजी म्हणाला.

मोरू पानं पिसत होता. त्याची चौदाही उधाणं आषाढातच गेली होती. आता तो खेळत नव्हता, नुसता वाटत होता. "झोप कुठची, तांडेल? तुमच्या होडीवर शिमग्यापर्यंत झोपायचंच हाय की मला. वल्हं मारता मारता."

"झोप झोप. पाण्यात पडलास तर उठवायला मी न्हाय येणार."

"मग उधाण बुडंल न्हवं तुमचं!"

तिघंही हसले. मोरूनं तीन-तीन पानं टाकली. बुधाजीनं एक सुपारी पुढं केली, हरेश्वरनं एक. बुधाजीनं पानं उचलून पाहिली आणि लगेच पालथी ठेवली. हरेश्वरनं आपली उचलली.

बदामाची राणी. तिच्यामागं इस्पिकची राणी. त्यानं तिसरं पान अंगठ्यानं हळूच सरकवलं, ओल्या जाळ्यातून साप निघेल की मासा अशा भीतीनं. किलवरची राणी.

तीन राण्या. त्यांच्यावर फक्त तीन राजे आणि तीन एक्के, दुसरं काही नाही. दीड महिन्यात असा हात एकदाही आला नव्हता. त्यानं तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण कानांच्या पाळ्या तापल्या त्याला काय करणार?

बुधाजीनं दुसरी सुपारी टाकली. हरेश्वरनं टाकली. बुधाजीनं तिसरी टाकली. ना थांबला, ना विचार केला. हरेश्वरनं टाकली. बुधाजीनं चौथी चटईवर ठेवून बोटानं गरकन फिरवली. ती फिरत राहिली, थांबली.

आता हरेश्वरकडं एकच सुपारी होती.

ती टाकून "उघड" म्हणता येत होतं. जिंकला तर चार परत, म्हणजे दहाची सहा उरली. सहा उरली तरी बांधलेलाच, कार्तिकी पुनवेपर्यंत बुधाजीच्या होडीवर. होडी वाळूतच. आणि मोकळं व्हायचं असलं तर त्या शेवटच्या सुपारीबरोबर आणखी सहा लावायला हव्यात. स्वतःच्या नव्हत्या. शिवदासाच्या चौदा होत्या, एकीलाही हात न लागलेल्या.

मोरूनं ओळखलं. "हऱ्या," तो हळूच म्हणाला, "धाकट्याच्या लाव की. कायदा हाय."

"तू गप, मोऱ्या. वाटणाऱ्यानं बोलायचं न्हाय," बुधाजी म्हणाला. पण त्याचा आवाज चिडका नव्हता. त्यानं तंबाखू मळायला घेतली. "लाव म्हणं. माझ्या टोपलीत जागा हाय. काय हऱ्या, सहा? सात? मी कुठं पळतोय!"

हरेश्वरनं पानं परत पाहिली नाहीत. पाहिलेली पानं परत पाहणारा डरलेला असतो. त्यानं बुधाजीचे हात पाहिले. बुधाजी लबाड नव्हता. वाड्यात त्याच्याइतका शब्दाचा माणूस दुसरा नव्हता. पण कंजूष खेळायचा. हातात काही नसलं तर दुसऱ्या सुपारीलाच पानं टाकून "जाऊ दे" म्हणायचा. आज चार टाकल्या, आणि वर फिरवतोय. म्हणजे काहीतरी आहेच.

आता सहा लावल्या तर काय होईल? हात साधा असला तर बुधाजी घाबरेल, पानं टाकील, आणि हरेश्वरला मिळतील त्याच चार, ज्या सहा न लावताही मिळणारच आहेत. आणि बुधाजी पुढं आला तर? एवढ्या मोठ्या बोलीवर कंजूष माणूस कधी पुढं येतो? हात भरलेला असतो तेव्हा. खाडीच्या तोंडाशी असंच असतं. जिथं पाणी शांत, गुळगुळीत, "ये ये" म्हणतं, तिथंच खाली खडक. लाट फुटते तिथून होडी नेता येते, कारण खडक दिसतो. बुधाजीचं तोंड गुळगुळीत होतं.

तरी तीन राण्या! तीन राजे, नाहीतर तीन एक्के असले तरच हार. असे हात येतात कितीदा? वर्षात एकदा. आणि ते नेमके आत्ता, याच चटईवर?

टाळ वाजत होते. शिवदासाचा टाळ उशिरा मिटत होता.

त्याला आपलं सोळावं वर्ष आठवलं. नारळी पुनव होती. होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, झेंडूची माळ बांधून तो चढायला निघाला, तर दुसऱ्याच एका तांडेलानं त्याचा दंड धरला. "तिकडं कुठं? तू यंदा इकडं." त्यानं बापाकडं पाहिलं. बाप दोराची गाठ सोडवत होता, जी गाठ नव्हतीच. पानांवर बापानं त्याची चौदा उधाणं लावली होती आणि घरी येऊन तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या वर्षी परक्या होडीवर हरेश्वरचे हात सोलून निघाले, पण ते काही नाही; हात पुन्हा भरतात. सगळ्या वाड्यासमोर आपण एक सुपारी होतो, हे त्याला पुढं कित्येक वर्षं गिळता आलं नाही.

आणि शिवदासाचं लग्न वैशाखात झालेलं. कोकिळा अजून सासरी नीट रुळलीसुद्धा नव्हती.

"मी पळत जाऊन विचारून येऊ काय शिवदासाला?" मोरू म्हणाला. "पन्नास पावलं."

बुधाजी हसला. "थोरल्यानं धाकट्याला विचारायचं? मग थोरला कशाला म्हणायचं रं त्याला? आन् पहारा सोडून येतोय व्हय तो? नाम तुटंल ते तुझ्या बापानं जोडायचं?"

ते हसणं हरेश्वरला लागलं. विचारायचं. हात पसरून धाकट्या भावाला, मोरूच्या तोंडून, "सहा देतोस का" म्हणायचं. त्यापेक्षा नको. नकोच. धाकट्याला पणाला लावायचं नाही, आणि त्याच्यापुढं हातही पसरायचा नाही. त्याला वाटलं, हेच धर्माचं. मन एकदम हलकं झालं त्याचं, जसं कीर्तनात बुवा आख्यानाच्या शेवटाला येतात आणि सगळ्यांना आधीच कळतं की आता देव धावून येणार.

त्यानं शेवटची सुपारी टाकली. "उघड."

बुधाजीनं तंबाखू खाली ठेवली. एकेक पान पालटलं. इस्पिकचा गुलाम. चौकटचा गुलाम. बदामाचा गुलाम.

हरेश्वरनं आपल्या तीन राण्या ठेवल्या.

मोरूच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. बुधाजी पानांकडं बघतच राहिला, मग कपाळाला हात लावून मोठा श्वास सोडला. दर्यातून जीव वाचून आलेला माणूस सोडतो तसा. "हऱ्या," तो म्हणाला, "सहा काय, दहा लावल्या असत्यास तरी मी आलो असतो रं. तीन गुलाम! कोण टाकील?" आणि त्यानं चार सुपाऱ्या मोजून हरेश्वरच्या पुढ्यात ठेवल्या. "सहा राहिल्या. कार्तिकी पुनवेपर्यंत."

"आणखी एक डाव," मोरू म्हणाला. "आठ हायत की आता त्याच्याकडं."

पण हरेश्वर उठला होता. त्याला माहीत होतं, असा हात परत येत नाही.

पाऊस झेलत तो देवळापर्यंत गेला आणि पायरीखाली उभा राहिला. पहारा बदलत होता. एकेका माणसाकडून टाळ एकेका माणसाकडं जात होते, मध्ये एक क्षणही नाद न तुटता. शिवदासानं वाजवता वाजवताच आपला टाळ दुसऱ्याच्या हातात सोपवला, देवाला हात जोडले आणि बाहेर आला. भिजलेल्या भावाला बघून हसला.

"दादा? आत यायचंस की. प्रसाद घेतलास?"

"घरी चल."

घरात त्याची बायको तुळशी भाकऱ्या थापत होती, कोकिळा तिला पीठ देत होती. हरेश्वरनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. बापासारखं तोंड बंद ठेवायचं नाही, एवढं त्यानं वाटेत ठरवलं होतं. तीन राण्या सांगितल्या, तीन गुलाम सांगितले. शेवटी म्हणाला, "मनात आलं व्हतं तुझी सहा लावावी. पण न्हाय लावली. म्हटलं, पोराच्या जिवावर न्हाय."

तुळशीचा हात परातीत थांबला. "म्हंजे होडी न्हायच जात यंदा," ती म्हणाली, आणि पुन्हा थापू लागली. तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर तिला मिळालं होतं.

शिवदासानं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "मी पन्नास पावलांवर व्हतो, दादा."

"पहाऱ्यावर व्हतास."

"मोरूनं येऊन नुसती मान हलवली असती तरी मी डोळ्यानं हो म्हटलं असतं. सहा काय, चौदा. तू विचारलं का न्हायस?"

"अरे पण मी लावलं न्हाय ना! बाबानं मला लावलं, तसं मी..."

"बाबानं तुला न विचारता लावलं. तू मला न विचारता न्हाय लावलंस." शिवदासाचा आवाज चढला नाही, तो कधी चढतच नसे. "त्या होडीत माझं काय न्हाय का? ती वाळूत राहिली तर मी काय करू वर्षभर? बुधाजी तांडेलाच्या मागं 'मला घ्या' म्हणत फिरू? तिथं तू आधीच वल्ह्यावर."

"शिवदासा..."

"माझी उधाणं माझी व्हती, दादा. हो म्हणायची पण माझी, न्हाय म्हणायची पण माझी."

कोकिळानं पिठाचं भांडं खाली ठेवलं आणि दाराआड गेली. चटईवर जे एवढं धर्माचं वाटलं होतं, ते आता हातात घेऊन बघावं तर त्यात अर्धा मान होता. आपला. थोरलेपणाचा. माणूस पुण्य करायला जातो आणि त्यात स्वतःला केव्हा मिसळतो, त्याचं त्याला कळत नाही. देवाला कळतं, पण देव लगेच बोलत नाही.

त्या रात्री कीर्तनाला सगळं घर गेलं. शेवटी बुवा एकेकाच्या कपाळी बुक्का लावत होते. हरेश्वरला त्यांना विचारायचं होतं, की महाराज, मी बरोबर केलं का? पण मागं रांग होती, पुढं रांग होती. बुवांनी अंगठ्यानं बुक्का लावला, "पांडुरंग" म्हणाले आणि मागच्या माणसाकडं वळले.

नारळी पुनवेला नारळ गेला. हरेश्वर बुधाजीच्या होडीवर चढला. बुधाजी भला माणूस; त्यानं सगळ्यांदेखत त्याला नाळेजवळची मानाची जागा दिली, पण त्यानं अधिकच लाज वाटली. शिवदास किनाऱ्यावर उभा होता. दोन-तीन होड्यांवरून त्याला हाका आल्या, तो हसून नाही म्हणाला. आपल्या होडीच्या अंगाला हात लावून उभा राहिला, बस्स.

पुढल्याच आठवड्यात आगबोटी सुरू झाल्या. कोकिळाचा मामा गोदीत होता. तिथं रोज माणसं लागत होती. तुळशीनं सुक्या बोंबलांची पिशवी बांधून दिली. शिवदासानं भावाच्या पायावर डोकं ठेवलं. "येतो, दादा."

"कधी?"

"बघू."

हरेश्वर श्रीवर्धनपर्यंत पोचवायला जाऊ शकला नाही. अवसेचं उधाण लागलं होतं, आणि ते बुधाजीचं होतं.

सहाही उधाणं त्यानं प्रामाणिकपणे ओढली. एक दिवस चुकवला नाही. मासळी पुष्कळ आली त्या वर्षी, जाळी फाटेस्तोवर आली. भांगाच्या दिवसांत तो आपल्या होडीवर नारळाच्या झापांचं छप्पर घाली, सांध्यात डांबर भरी. पण होडी जिवंत राहते ती पाण्यातच. दिवाळीला एका फळीच्या फटीत त्याचं बोट गेलं, कार्तिकात दोन.

कार्तिकी पुनवेला बुधाजीनं त्याच्या हातात सहा सुपाऱ्या परत दिल्या. "फिटलं, हऱ्या. आता?"

"आता काय? चढायला माणूस कोण? सगळे बांधलेले शिमग्यापर्यंत."

"माझ्याकडंच राहा. पगारावर."

"बघतो," हरेश्वर म्हणाला.

संध्याकाळी तो शाळेच्या मास्तरांकडं गेला. त्याला लिहिता येत नव्हतं. मास्तरांनी कार्ड काढलं, टाक शाईत बुडवला. "काय लिहू?"

हरेश्वर उंबऱ्यावर बसला. मास्तरांनी दोनदा टाकाची शाई निथळवली.

"लिवा," तो म्हणाला. "चिरंजीव शिवदासास आशीर्वाद. होडीच्या फळ्या बदलायला हव्यात. माझ्या एकट्यानं व्हणार न्हाय. पुढल्या नारळी पुनवेला ती उतरवायची का इकून टाकायची, ते दोघांचं हाय. म्हणून इचारतो. तुझं काय म्हणणं ते कळव."

मास्तरांनी वाचून दाखवलं. "आणखी?"

"न्हाय. एवढंच."

कार्ड गेलं. पौष गेला, माघ गेला. शिमग्याला होळी पेटली तेव्हा चौदावं उधाण सरलं, सगळे मोकळे झाले, मोरू होळीभोवती वेड्यासारखा नाचला. टपालवाला आठवड्यातून एकदा खाडी ओलांडून यायचा. हरेश्वर त्या दिवशी लांब जात नसे, वाळूत होडीपाशीच काहीतरी करत बसे. टपालवाला लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून, आणि पुढं जायचा.